तीन पायऱ्यांना अठरा फूट

सोसायटीच्या सभेत व्हीलचेअरसाठीच्या रॅम्पचा विषय निघाला की ठेकेदार हवेतच हाताने तिरकी रेघ मारतो आणि म्हणतो, "होऊन जाईल." घात तिथेच होतो.

हिशोब सोपा आहे. एक इंच उंचीला एक फूट लांबी, म्हणजे 1:12. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उंची 18 इंच आणि रॅम्प 18 फूट. पायऱ्यांच्या कडेला चार-पाच फुटांचा जो उतार घालतात तो स्कूटर चढवण्यापुरता. त्यावर व्हीलचेअर नेली की पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि माणूस मागे उलटतो.

"एवढी जागा कुठंय?" अहो, सरळच काढायला हवा असं कुठे आहे? भिंतीलगत नऊ फूट जा, तिथे पाच बाय पाचची सपाट जागा ठेवा, वळा, परत नऊ फूट. तशीच सपाट जागा वर दारापुढे हवी. ती विसरली तर एका हाताने दार ओढताना खुर्ची उतारावरून मागे घसरते. रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना कठडे, एक पाइप अडीच फुटांवर, दुसरा तीनवर. उघड्या बाजूला तीन-चार इंचांची कड उचलून घ्या, नाहीतर चाक खाली उतरतं.

गुळगुळीत ग्रॅनाइट पावसाळ्यात घसरगुंडी होतं, हे सगळ्यांना कळतं. पण त्यावर उपाय म्हणून गवंडी खोल आडव्या खाचा पाडतो आणि छोटी चाकं त्यातच अडकतात. ओल्या कोब्यावर झाडू फिरवून आणलेला खरखरीतपणा पुरतो, स्वस्तातही पडतो. पायथ्याला गटाराची जाळी असेल तर तिच्या पट्ट्या जाण्याच्या दिशेला आडव्या बसवा, उभ्या नकोत.

रॅम्प होईपर्यंत खुर्ची उचलायची वेळ येतेच. हात टेकायच्या दांड्याला किंवा पाय ठेवायच्या पाटीला धरू नका, बऱ्याच खुर्च्यांत त्या निघून हातात येतात. कुठे धरायचं ते खुर्चीत बसलेल्यालाच विचारा. तीव्र उतारावरून उतरवताना खुर्ची उलटी न्या, तुम्ही खालच्या बाजूला.

"आमच्या इमारतीत कुणी व्हीलचेअरवालं नाहीच" हे वाक्य तर हमखास येतं. घर बघायला आलेला माणूस त्या तीन पायऱ्या पाहूनच परत गेला असेल, मग दिसणार कसा? दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता यावी यासाठीचे, किमान निकष शिफारशी म्हणून ठेवू नका, बंधनकारक करा.

बिल देण्याआधी एक करा. चार फुटांची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक रॅम्पवर टेकवा, स्पिरिट लेव्हलने (गवंड्याच्या बुडबुड्याच्या पट्टीने) आडवी करा आणि खालच्या टोकाशी पट्टी नि रॅम्पमधलं अंतर मोजा. चार इंचांपेक्षा जास्त भरलं तर बिल अडवा.