नदीची सीमाही वाद टाळत नाही

नदी, डोंगर अशी नैसर्गिक सीमा असली की वाद कमी होतात, हे राष्ट्र आणि सीमा यांवरच्या लेखातलं विधान पटलं नाही. आमच्या सिरोंचा तालुक्यात (जि. गडचिरोली) प्राणहिता आणि गोदावरी हीच सीमा. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणा. रेघ कुठे आहे यावर भांडण नाहीच. पण २०१९ मध्ये गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज (दरवाजांचा मोठा बंधारा) सुरू झालं. पाण्याचा लाभ मुख्यतः पलीकडे, आणि बॅकवॉटरनं, म्हणजे मागे तुंबलेल्या पाण्यानं, इकडच्या काठावरची शेतं बुडाली. कापूस-मिरची गेलेल्या शेतकऱ्यानं भरपाईसाठी कोणत्या सरकारचं दार ठोठावायचं? हा सीमावाद नाही तर काय?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात तर मुकदमगुडा, परमडोलीसारख्या गावांवर दोन्ही राज्यांचा दावा. माणसांकडे दोन्हीकडची मतदार कार्डं, रेशनही दोन्हीकडचं, पण जमिनीच्या पट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं वणवण.

आणखी एक. समान भाषा-संस्कृतीचा समूह म्हणजे राष्ट्र, असं लेखात आहे. मग गोंड आदिवासी समाजाचा उल्लेखही का नाही? चंद्रपूर-गडचिरोलीपासून तेलंगणातलं आसिफाबाद, छत्तीसगडमधल्या बस्तरपर्यंत सलग वस्ती, पण १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत मराठी, तेलुगू, हिंदी राज्यांत विभागणी झाली. गोंडी भाषेचं राज्य झालंच नाही. लेखकानं पुढच्या भागात यावर जरूर लिहावं.