वॉरंटीचं सोवळं

नवी गाडी घरी आली की पहिला आठवडा पेढ्यांत जातो, दुसरा धूळ पुसण्यात, आणि तिसऱ्या आठवड्यात दीडशे अश्वशक्ती कमी वाटायला लागते. पगारवाढीचंही असंच होतं म्हणा. पण पगार वाढवायचा झाला तर साहेबाच्या पाया पडता येतं. गाडीत बाहेरचे बदल करून ती वाढवायची तर मध्ये वॉरंटी उभी असते, आणि ती आमच्या पणजीसारखी कडक सोवळ्यातली आहे. कशाला शिवलं की विटाळ होतो आणि कशाला नाही, याचे नियम तिला तोंडपाठ असतात, आपल्याला मात्र शिवल्यावरच कळतात.

उदाहरणाला स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस घेऊ. दीड लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर). आपल्याकडच्या मध्यमवर्गीय वेगवेडाचं हे सध्याचं कुलदैवत.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'बाहेरचं काही लावलं की सगळी वॉरंटी गेली' हे शोरूममधलं वाक्य अर्धंच खरं असतं. वॉरंटीचं पुस्तक नीट वाचा (ते ग्लोव्ह बॉक्समध्ये, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याखाली सापडेल). त्यात मुद्दा असा असतो, की तुम्ही केलेल्या बदलामुळे जे बिघडलं ते आम्ही भरून देणार नाही. सीट कव्हर बदललं म्हणून एसीचा कॉम्प्रेसर नाकारता येत नाही. अमेरिकेत यासाठी १९७५ सालचा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे, तिथे बदलामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, ग्राहक आयोग आहे. तिथे न्याय मिळतो, पण तोवर गाडी जुनी आणि मालक शहाणा झालेला असतो.

आता मुख्य पाप, रिमॅप. ईसीयूमधली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली, फाइल बदलायची, लॅपटॉप लावून तासाभराचं काम, आणि टॉर्क अडीचशेवरून तीनशेच्या आसपास. दुकानदार सांगतो, 'सर्व्हिसच्या आधी या, मूळ फाइल परत टाकून देतो, कुणाला कळणार नाही.' कळतं. ईसीयू हा चित्रगुप्त आहे. फाइल कितीदा लिहिली गेली याचा आकडा तो ठेवतो, म्हणजे मूळ फाइल परत टाकली की आकडा आणखी एकाने वाढतो. पाप धुवायला गंगेत बुडी मारावी आणि बुडीचीही नोंद व्हावी, तसं. फाइल बदललेली असताना गाडी सर्व्हिस सेंटरच्या यंत्राला जोडली गेली तर फाइलची बेरीज कंपनीच्या बेरजेशी जुळत नाही. फोक्सवॅगन आणि ऑडीवाल्यांमध्ये 'टीडी वन' (या गाडीचं ट्यूनिंग झालंय, असा कंपनीच्या नोंदीतला शिक्का) हे शब्द याच कारणाने साडेसातीसारखे हळू आवाजात उच्चारतात. तो शिक्का गाडीच्या चासी नंबरावर बसतो, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचा कुठलाही दावा करायला गेलात की समोरचा माणूस स्क्रीनकडे बघून फक्त हसतो.

यावर दुसरा शहाणपणा म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. हा फाइलला हात लावत नाही, टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब (बूस्ट) मोजणाऱ्या सेन्सरच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडात, बसतो आणि ईसीयूशी खोटं बोलतो. हवेचा दाब खरा जेवढा, त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयू बिचारा आणखी दाब मागतो. दहा मिनिटांत काढता येतो हे खरं. पण खोटं जास्त झालं की ईसीयूत पी०२३४ हा ओव्हरबूस्टचा, म्हणजे दाब फार वाढल्याचा, बिघाड-कोड पडतो, आणि कोडाबरोबर त्या क्षणाचे आरपीएम, वेग, लोड आणि कूलंटचं तापमान साठवलं जातं. रविवारी पहाटे घाटात तुम्ही काय करत होता, हे सोमवारी सर्व्हिस सेंटरला कळतं. गाडीच्या तपासणी सॉकेटात लावायच्या ब्लूटूथ डोंगलने कोड पुसला, तर कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही साठतं आणि गाडीच्या स्व-तपासण्या 'अपूर्ण' दिसायला लागतात. सर्व्हिसला येण्याच्या वीस किलोमीटर आधी कोड पुसलेली गाडी म्हणजे दाराशी पाय धुऊन आत आलेला पोरगा. कुठे जाऊन आला ते आईला विचारावं लागत नाही.

बरं, पकडलं जाणं ही छोटी गोष्ट. खरी गंमत गिअरबॉक्समध्ये आहे. या गाड्यांतला सात गिअरांचा डीएसजी (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) म्हणजे डीक्यू २०० हे मॉडेल. त्याचे दोन्ही क्लच कोरडे, आणि त्याची क्षमता २५० न्यूटन-मीटर. इंजिनाचा टॉर्क किती? २५०. कंपनीने डबा काठोकाठ भरूनच दिलाय. त्यात आणखी पन्नास ओतले की क्लच घसरतो, घसरला की तापतो, आणि सिग्नलवर गाडी सुटताना खालून थरथर जाणवते. पुण्याच्या विद्यापीठ चौकात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाडीचा क्लच आधीच पुरेसा भोगत असतो. रिमॅप करायचाच असेल तर वॉरंटी संपू दे, गाडी मॅन्युअल असू दे, आणि नव्या क्लचचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

पेडलच्या कपलरमध्ये बसणाऱ्या 'थ्रॉटल कंट्रोलर'बद्दल दोनच वाक्यं. त्याने शक्ती तसूभर वाढत नाही, पाय अर्धा दाबलात तर पाऊण दाबला असं तो गाडीला कळवतो. हे काम माझा पाय फुकट करतो.

एअर फिल्टर. उघडा, कोनासारखा फिल्टर लावला की टर्बोचा 'फुस्स' आवाज छान येतो, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ असते. हवेचं तोंड खाली बंपरमागे नेणारे किट तर मुंबईत जुलैमध्ये थेट पाणी पितात. पाणी सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही, मग पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. यात वॉरंटी हात वर करते आणि इंजिनाचं जादा कव्हर घेतलं नसेल तर विमाही. कागदी फिल्टर वेळेवर बदला, आपल्या धुळीत तोच बरा.

एक्झॉस्टचा मागचा डबा बदलणं तुलनेने सौम्य. पण वेल्डिंग करणाऱ्याला बॅटरीची तार आधी काढायला लावा, नाहीतर आवाजाच्या नादात ईसीयू जळतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र काढायचा नाही. त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर पी०४२० या कोडाचा दिवा लावतो, पीयूसीत प्रश्न येतो, आणि कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि कलम १८२अ प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. बुलेटच्या सायलेन्सरांवर पोलिसांनी फिरवलेले रोड रोलर आपण पेपरात पाहिलेच आहेत.

तीस मिलिमीटरने बसकी करणारी स्प्रिंग? मूळ ग्राउंड क्लिअरन्स १७९, उरला १४९, त्यात मागे तीन पाहुणे. आपले गतिरोधक कुणाच्या कल्पनेतून उगवतात ते तुम्ही पाहिलंच आहे. पुढे चला.

मग करायचं काय? टायर. हे मी हट्टाने सांगतो, कारण रस्त्याला लागणारी गाडीतली ही एकच वस्तू आहे. मूळ माप २०५/५५ आर १६, बाहेरचा व्यास ६३२ मिलिमीटर. त्याच मापाचे, पण चांगल्या रबराचे टायर घ्या. ब्रेक आणि वळण दोन्ही सुधारतात आणि सोवळं जराही मोडत नाही. लोड इंडेक्स ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, त्याखाली जायचं नाही. १७ इंची रिम हवीच असेल तर २२५/४५ आर १७, व्यास ६३४, स्पीडोमीटर फसत नाही. २१५/५० आर १७ घेतलात तर व्यास ६४७ होतो आणि काटा पूर्वीपेक्षा कमी वेग सांगायला लागतो. पण १७ इंचात टायरची भिंत ११३ वरून १०१ मिलिमीटरवर येते. खड्डा आणि रिम यांच्यातलं बारा मिलिमीटर रबर तुम्ही फोटोसाठी विकलंत, एवढं लक्षात ठेवा.

बाहेरची रिम लावताना चाक सुटण्याचं कारण बहुतेकदा बोल्टमध्ये असतं. कंपनीच्या बोल्टचं बूड गोलाकार, बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचं लागतं. जुनेच बोल्ट नव्या रिमला घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण टेकतात फक्त एका बारीक कडेवर, आणि हळूहळू ढिले होतात. चाक ज्या हबवर बसतं त्याचं माप ५७.१ मिलिमीटर, रिमचं भोक त्याहून मोठं असेल तर मध्ये रिंग घाला, नाहीतर ताशी ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं. बोल्ट १२० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने. टायरवाल्याची हवेची गन 'टर्रर्र' करते तो आकडा नसतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, आणि रिम विमा कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घ्या.

ब्रेकमध्ये सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे ताजं ब्रेक ऑइल. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही हमी १५५ वर येते. दर दोन वर्षांनी बदललं की घाट उतरताना पेडल स्पंजासारखं लागत नाही. याचा कुणी फोटो टाकत नाही, म्हणून कुणी करतही नाही.

विजेच्या बाबतीत नियम एकच: मूळ वायरला ब्लेड लावायचं नाही. डॅशकॅमसाठी फ्यूज टॅप मिळतो, तो फ्यूजच्या खाचेत बसून वायर न कापता वीज देतो. किल्ली बंद केल्यावर मरणारा फ्यूज शोधा, कॅमेऱ्याच्या जागी दोन-तीन अँपिअरचा फ्यूज घाला. गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू हवा (पार्किंग मोड) तर कायम जिवंत फ्यूजही लागतो, आणि बॅटरी उतरली की कॅमेरा बंद करणारा कटऑफ १२.२ व्होल्टला ठेवा, ११.८ ला ठेवलात तर सकाळी धक्का मारावा लागेल. खांबावरून वायर नेताना ती पडद्यासारख्या एअरबॅगच्या मागून न्या, पुढून नाही. बॅगच्या वाटेत वायर आली तर ती उघडताना अडकते.

उरलं कागदपत्रांचं सोवळं. कंपनीचीच अ‍ॅक्सेसरी असेल तर शोरूममध्येच बसवून घ्या आणि पार्ट नंबर बिलावर आणा. सर्व्हिस १५ हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल त्याला. दावा नाकारला तर कोणता भाग, कोणत्या बदलामुळे, हे लेखी मागा. तोंडी नकार देणारे अ‍ॅडव्हायझर लिहायची वेळ आली की अचानक 'वरच्यांना विचारून सांगतो' म्हणतात.

आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा. गाडी विकताना तेच लागतात. चार रिम माळ्यावर मावतात, मूळ बोल्ट श्रीखंडाच्या डब्यात, वर मार्करने 'टाकू नये' लिहून. तरी दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याची हाक येते तेव्हा घरीच थांबा. अ‍ॅल्युमिनियमला भाव चांगला असतो, हे त्याला माहीत असतं आणि घरच्यांनाही.