जेनेरिक म्हणे!

परत तेच यार. बोर्डावर एक साधी चिप, तीन जीपीआयओ लाइनींवर (प्रोसेसरच्या साध्या चालू-बंद पिना) आठ चॅनेलांतला एक निवडणारी, म्हणजे मक्स, आणि ती चालवणाऱ्या ड्रायव्हरचं, म्हणजे सॉफ्टवेअरचं, नाव काय तर 'जेनेरिक मक्स'! कसलं डोंबलाचं जेनेरिक, आत आपल्याच बोर्डाचा रीसेट घुसडलाय, वर सेन्सरची पॉवर पण तिथूनच. अरे लिनक्समध्ये २०१७ पासून मक्सची वेगळी सबसिस्टिम (स्वतंत्र विभागच) आहे, जीपीआयओवाला ड्रायव्हर तयार आहे, डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय जोडलंय ते लिनक्सला सांगणारी फाइल) चार ओळी लिहिल्या की झालं, पण नाही, ह्यांना नवाच हवा. आधीच लिनक्समध्ये आयटूसीचे (चिपा जोडणारी दोन तारांची बस) मक्स एका फोल्डरात, यूएसबी टाइप-सीचे दुसऱ्या, पिनमक्स (कुठली पिन कुठल्या कामाला ते ठरवणारं) तर पिनकंट्रोल सबसिस्टिमकडे, त्यात ही भर. काल बडोद्याच्या सयाजीगंजात सेव उसळ खाताना ड्रायव्हर लिहिणाऱ्याला म्हटलं, बाबा रे, वेगळा ड्रायव्हर हवाच तर त्याला चिपचं नाव दे नि चॅनेल बदलण्यापुरतंच ठेव, तर म्हणतो 'पुढे कामाला येईल ना दादा'. कोणाच्या??