यू-५३४ पाणबुडीत नाझींचं सोनं सापडलेलं नाही

गंजलेल्या पाणबुडीचा फोटो आणि खाली 'हिटलरचं सोनं अर्जेंटिनाला नेताना बुडालेली पाणबुडी, खजिना सापडला पण दडपला', असा मेसेज सध्या फिरतोय. पाणबुडी खरी आहे, सोनं नाही.

ती जर्मनीची यू-५३४. ५ मे १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपत आलेलं असताना, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या कॅटेगॅट समुद्रात ब्रिटिश लिबरेटर विमानांनी तिला बुडवलं. बुडण्याआधी तिने एक विमान पाडलंही होतं. ५२ जणांपैकी ४९ वाचले. पाचजण तर ती तळाला टेकल्यावर, जवळपास ६५ मीटर खोलीवरून, टॉर्पेडो कक्षाच्या झाकणातून निघाले. वर येताना श्वास सोडत राहावं लागतं. त्यांच्यातल्या एका कोवळ्या पोराने तो रोखून धरला, आणि फुप्फुसं फाटून तो गेला. खजिन्याच्या गोष्टीत ही माणसं कुठेच नसतात, याचं वाईट वाटतं.

सोन्याची अफवा आधीपासूनच होती. १९९३ मध्ये पाणबुडी वर काढली, तेव्हा मिळालं ते एनिग्मा (गुप्त संदेशांसाठीचं सांकेतिक यंत्र), कागदपत्रं आणि खलाशांचं रोजचं सामान. पुढे इंग्लंडमध्ये बर्कनहेडला तिचे आडवे तुकडे कापून ते प्रदर्शनात मांडले गेले. आतली यंत्रं, नळ्या सगळं उघड्यावर आलं. लपवायला जागा उरली कुठे?

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.