‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’

दहावीच्या निकालाचे दिवस आले की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या शिक्षकांचाच. मजकूर थोडक्यात असा: आम्ही पाच-पाच भावंडं, बापाचा पट्टा आणि मास्तरांची छडी खाऊन वाढलो, पण एकालाही डिप्रेशन आलं नाही. आजच्या पोरांना जरा बोललं की समुपदेशक लागतो. ही श्रीमंतांची खुळं आहेत. दोन ठेवून द्या, सरळ होतील. आणि आत्महत्येचा विषय तर मुलांपुढे काढूच नका, डोक्यात भरतं.

बावीस वर्षं आठवी ते दहावीला शिकवतेय. हे वाचून मला गप्प बसवत नाही.

आधी ‘आमच्या वेळी नव्हतं’ हे घेऊ. निकालानंतरच्या आठवड्यात पेपरच्या आतल्या पानांवर छोट्या चौकटी यायच्या, आठवतात का? एखाद्या मुलाचा अंधुक फोटो आणि खाली: ‘बाळ, जिथे असशील तिथून निघून ये. आईने अंथरूण धरलं आहे. तुला कोणी रागावणार नाही.’ ती मुलं आमच्याच वेळची होती. मूल घुमं झालं की बाहेरचं काही झालं म्हणून अंगारा लावायचे. मुलगी जेवेनाशी झाली की लग्न उरकून टाकायचे. त्रास होता, त्याला नाव नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४ वर्षांपर्यंत झालेली असते. प्रत्येक घराण्यात एक काका असतो, कुणाशी फारसं न बोलणारा, कशातच न टिकलेला. तो चौदा वर्षांचा असताना त्याला काय होत होतं, हे कुणी विचारलं होतं?

आता माराबद्दल. २०१६मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत दीड लाखाहून अधिक मुलांची माहिती होती. फटके खाणाऱ्या मुलांमध्ये हट्ट, मारामारी आणि मानसिक त्रास जास्त आढळला. माराने मूल ऐकू लागतं, असं त्यांना दिसलं नाही. एकाने दुसरं घडतं हे अशा अभ्यासातून पूर्ण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण फायदा सांगणाऱ्यांनी तो दाखवायला तर हवा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही पट्टी उगारली आहे. गृहपाठ न आणणारा एक मुलगा त्यानंतर रोज वही पूर्ण करून आणू लागला आणि मला वाटलं, जमलं. दोन महिन्यांनी कळलं की तो मधल्या सुट्टीत डबा न खाता शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेत होता. गणित त्याला येत नव्हतं ते नव्हतंच. माझ्या पट्टीने त्याला फक्त लपवायला शिकवलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, ते उगाच नाही.

श्रीमंतांची खुळं म्हणाल, तर राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. साठच्या वर्गात चार मुलं. आमच्या वर्गांत रिक्षावाल्यांची आणि भाजीवाल्यांचीच मुलं बसतात, आणि ही चार त्यांच्यातही असतात.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे. भरल्या घरात आजी असायची, आत्या असायची. बापाच्या रागापुढून मूल पळून तिच्या पदराआड जायचं. आज दहा बाय बाराच्या खोलीत आई-बाप दोघं दमून परततात आणि मुलाला पळायला दुसरी खोलीही नसते. म्हणून आई-बापांना दोष देत बसू नये, त्यांनाही आधार लागतो. पण मुलाला वाचवणारी ती आजी होती, पट्टा नव्हे.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत घातक: विषय काढला की डोक्यात भरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. थेट विचारल्याने तो विचार बळावतो, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट विचारल्यावर पुष्कळांना मोकळं वाटतं.

नववीतला एक मुलगा दर काही दिवसांनी ‘बाई, पोटात दुखतंय’ म्हणून घरी जायचा. आम्ही त्याला नाटकी म्हणायचो. एकदा हजेरीपट चाळताना दिसलं की हे गणिताच्या चाचणीच्या आदल्या दिवशीच होतं. उदास मूल रडतंच असं नाही. ते चिडतं, त्याचं पोट दुखतं, झोप उडते. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, ‘जगूच नये असं वाटतं का रे कधी?’ तो बराच वेळ बाकावरचा खडू खरवडत राहिला. मग म्हणाला, ‘तुम्हाला कसं कळलं?’

मी त्याला म्हटलं, हे आईला सांगावं लागेल, पण सांगताना मी तुझ्याबरोबर बसेन. स्वयंपाकाची कामं उरकून ती तशीच धावत आली. तिला रागवायचं नव्हतं, तिला फक्त घाबरायला झालं होतं. त्याला एकटं ठेवायचं नाही, एवढं आधी ठरवलं. मग तिथूनच १४४१६ला, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला. तो फुकट आहे, कधीही लागतो आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं. पुढच्या सोमवारी ती त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेली. केसपेपर काढायच्या रांगेत त्याने पहिल्यांदाच तिला सांगितलं की त्याला गणितात काहीच कळत नाही, सातवीपासून.