विषय सोडून बोलू नका, पण विषय मांडायचा कुठे?

जुलैच्या सुरुवातीला माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेचे दिवस जवळ येऊ लागले की त्याच्या बोलण्यात त्या सभेची धास्ती जाणवू लागते. या वर्षी व्यवस्थापन समितीपुढे एक प्रस्ताव आला आहे. विषयपत्रिकेबाहेरचा मुद्दा कोणी काढला, तर अध्यक्षांनी एकदा समज द्यावी आणि तरीही बोलणे चालूच राहिले तर माईक बंद करावा, असा तो प्रस्ताव. समितीतल्या निम्म्या लोकांचे म्हणणे असे, की याशिवाय सभा कधीच पुरी व्हायची नाही. उरलेल्यांना ही सरळसरळ मुस्कटदाबी वाटते. वर्षातून एकदा माणसे एकत्र बसतात, तेव्हाही मनातले बोलायचे नाही तर मग बोलायचे कधी, असा त्यांचा सवाल आहे. "ताई, तू तिकडच्या सभा पाहतेस, तुझे मत सांग," असे तो म्हणाला.

मी गेली चौदा वर्षे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका छोट्या गावात राहते. भावाला फोनवर उत्तर देणे मला जमले नाही, कारण दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटत होते आणि तरीही दोघांच्याही नजरेतून काहीतरी निसटते आहे असे वाटत होते. विषयाला धरून बोला, असे सांगण्याचा अधिकार सभेला असलाच पाहिजे. परंतु ज्या सभेत आपला विषय रीतसर मांडण्याची वाट प्रत्येक सभासदाला ठाऊक असते आणि ती वाट खरोखर खुली असते, त्याच सभेने तो अधिकार वापरावा, असे माझे मत आहे. ते कसे बनले, हे थोडे सविस्तर सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीवर गेले असताना संस्थेच्या वार्षिक सभेला भावाबरोबर जाऊन मागे बसले होते. पहिलाच विषय होता मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. खरे तर हा पाच मिनिटांचा विषय. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू उठल्या आणि त्यांच्या बेडरूमच्या भिंतीत पावसाळाभर मुरणाऱ्या पाण्याविषयी बोलू लागल्या. अध्यक्षांनी त्यांना दोनदा थांबवले. तिसऱ्या वेळी आवाज चढवून "विषय सोडून बोलू नका, खाली बसा" असे सांगितले. त्यावर दुसरे कोणी काकूंच्या बाजूने उठले, तिसऱ्याने पार्किंगचा वाद काढला, चौथ्याने मागच्या समितीच्या हिशेबावर बोट ठेवले, आणि फाटे फुटता फुटता दीड तास गेला. सातव्या क्रमांकावर इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा, विषय होता. तो आला तेव्हा मांडवात आम्ही अकरा जण उरलो होतो. अहवाल वाचलाही गेला नाही; हात वर झाले आणि विषय मंजूर झाला.

घरी परतताना मला एक गोष्ट अस्वस्थ करत होती. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी करावी, असे गृहनिर्माण संस्थांच्या कारभारासाठी सरकारने ठरवून दिलेले नमुना नियम, म्हणजे आदर्श उपविधी, सांगतात, ते नेमके अशा मुरणाऱ्या पाण्यामुळे आणि गंजणाऱ्या सळयांमुळे. म्हणजे काकू ज्याविषयी बोलत होत्या तो सातव्या विषयाचा गाभाच होता. त्यांना कोणीतरी इतकेच सांगायला हवे होते, की हा मुद्दा सातव्या विषयात येतो, तेव्हा सगळ्यात आधी तुम्ही बोला. त्याऐवजी त्यांना गप्प बसवले गेले, त्या रागावून निघून गेल्या, आणि सातवा विषय आला तेव्हा त्याविषयी सर्वांत जास्त माहिती असलेली व्यक्ती सभेत नव्हती.

इकडच्या गावकारभारात याच प्रसंगाला तोंड देण्याची एक जुनी पद्धत आहे. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससह अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या, अनेक गावांत अजूनही वर्षातून एकदा तरी सर्व मतदारांची टाउन मीटिंग भरते आणि अंदाजपत्रकापासून जमिनीच्या वापराच्या नियमांपर्यंतचे निर्णय तीच घेते. या सभेच्या विषयपत्रिकेला 'वॉरंट' म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द ऐकून मी दचकले होते, पण इथे त्याचा अर्थ गावाला सभेला येण्याचे फर्मान एवढाच आहे. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार वार्षिक सभेचे वॉरंट किमान सात दिवस आणि विशेष सभेचे किमान चौदा दिवस आधी जाहीर करावे लागते, आणि वॉरंटमध्ये नसलेल्या विषयावर सभेने काही ठरवले तर तो निर्णय कायद्याने टिकत नाही. ऐनवेळी विषय घुसवून तो मंजूर करून घेण्याची सोयच त्यामुळे उरत नाही, आणि घरी थांबलेल्या माणसालाही आपल्या पाठीमागे भलतेच काही ठरणार नाही याची खात्री असते. या शिस्तीचे मूळ कारण मला इथे आल्यावर समजले. ती बोलणाऱ्याला आवरण्यासाठी नाही. जो सभेला आलेला नाही, त्याच्या रक्षणासाठी आहे.

पण याच कायद्यात दुसरी बाजूही आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. वार्षिक सभेच्या वॉरंटमध्ये एखादा विषय घालायचा असेल, तर त्यासाठी गावातल्या केवळ दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या पुरतात. मुदतीत अर्ज आला की गावचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाला तो विषय आवडो न आवडो, तो घ्यावाच लागतो. दहा सह्या म्हणजे एका संध्याकाळचे काम. विषय सोडून बोलणाऱ्याला थांबवताना सभा चालवणाऱ्या मॉडरेटरच्या मनात किंतु राहत नाही, तो या दहा सह्यांच्या तरतुदीमुळे.

हा मॉडरेटर मतदारांनी निवडलेला असतो. त्याच्या परवानगीशिवाय सभेत कोणी बोलू शकत नाही, आणि बोलणारा जे काही सांगतो ते त्याला उद्देशून सांगतो, समोरच्या विरोधकाला नव्हे. माझे नाव मतदारयादीत नसल्यामुळे मी दर वर्षी मतदार नसलेल्यांसाठी बाजूला मांडलेल्या खुर्च्यांवर बसून हे पाहते. एका वर्षी गावातल्या जुन्या जलवाहिन्या बदलण्याच्या खर्चावर चर्चा चालू होती. एक वृद्ध गृहस्थ माईकपाशी आले आणि रविवारी वाचनालय बंद ठेवण्याच्या निर्णयाविषयी बोलू लागले. मॉडरेटरने तीन-चार वाक्ये होऊ दिली. मग शांतपणे सांगितले, की हे या विषयाच्या कक्षेबाहेर आहे. वाचनालयाची तरतूद तेविसाव्या विषयात आहे, आणि तो आला की मी प्रथम तुमचे नाव घेईन. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलेले आम्हा सर्वांना दिसले. ते गृहस्थ काहीसे नाराज होऊन बसले. तेविसावा विषय आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, आणि मॉडरेटरने चष्मा लावून तो कागद पाहिला आणि त्यांचे नाव पुकारले. ते तोवर थांबले होते. काकूंची आठवण मला पुढे झाली ती या दृश्यामुळेच.

विषयाबाहेरचे बोलणे आणि नकोसे बोलणे यांतली सीमारेषा फार पुसट असते, आणि तिच्याआड सत्ता सहज लपते, हे मात्र इथेही खरे आहे. याच राज्यातल्या साउथबरो नावाच्या गावाच्या मंडळाने नागरिकांनी सभेत आदराने आणि सभ्यतेनेच बोलावे, उद्धट किंवा वैयक्तिक शेरे मारू नयेत, असा नियम केला होता. मंडळावर कडक शब्दांत टीका करणाऱ्या एका रहिवासी महिलेला त्याखाली थांबवण्यात आले. ते प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च 2023 मध्ये न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. लोकांना सुव्यवस्थित आणि शांततापूर्ण रीतीने एकत्र जमून सार्वजनिक हिताचा विचार करण्याचा हक्क देणारे कलम राज्याच्या 1780 च्या संविधानात आहे, आणि न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. नागरिकांनी कधी, कुठे आणि किती वेळ बोलायचे हे मंडळाने ठरवावे, दुसऱ्याच्या बोलण्यात अडथळा आणणाऱ्याला रोखावे. परंतु कारभाऱ्यांवरची टीका गोड शब्दांतच व्हावी असा आग्रह त्याला धरता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. भावाच्या समितीने माईक बंद करण्याचा ठराव करण्यापूर्वी या भेदावर विचार करावा, असे मला मनापासून वाटते. हिशेबाचा विषय चालू असताना हिशेबावर झोंबणारा प्रश्न विचारणारा सभासद विषयाला धरूनच बोलत असतो.

परदेशातले सगळे सरळ आणि आपले सगळे वाकडे, असेही नाही. अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात दुरुस्ती मूळ विषयाशी संबंधित असलीच पाहिजे हा नियम 1789 पासून आहे. सिनेटमध्ये मात्र अशी सर्वसाधारण अट नाही, आणि त्यामुळे एका विधेयकाच्या शेपटीला भलतीच तरतूद बांधण्याचे प्रकार तिथे होत आले आहेत. उलट आपल्या लोकसभेच्या नियमावलीत दोन्ही गोष्टींची तजवीज आहे. विषय सोडून किंवा तेच तेच बोलत राहणाऱ्या सदस्याला भाषण थांबवण्यास सांगण्याचा अधिकार नियम 356 अध्यक्षांना देतो, आणि जे हरकतीच्या मुद्द्यात, म्हणजे कामकाजाचा नियम मोडल्याच्या आक्षेपात, बसत नाही ते सभागृहापुढे आणण्यासाठी नियम 377 आहे. शून्य प्रहर तर नियमपुस्तकात नसतानाही प्रथेने रुजला, कारण सदस्यांना आपल्या मतदारसंघातले तातडीचे दुखणे मांडायला जागा हवी होती. नियमांची उणीव आपल्याकडे नाही, ते वापरण्याची सवय कमी आहे.

आपल्या गृहनिर्माण संस्थांचेही तसेच आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यायची, तिची नोटीस विषयपत्रिकेसह पूर्ण चौदा दिवस आधी द्यायची, हे सगळ्यांना ठाऊक असते. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलावावी लागते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. आमच्या संस्थेत 84 सदनिका आहेत, म्हणजे 17 सह्या पुरेशा आहेत. तरीही सभासद वर्षभर कुरकुरत राहतात आणि सगळी वाफ सप्टेंबरमधल्या त्या एका संध्याकाळी काढतात. विषयपत्रिकेच्या तळाशी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' ही ओळ असते खरी, पण ती येईपर्यंत रात्र झालेली असते आणि माणसे उठून गेलेली असतात. हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळेच लोक पहिल्या विषयात आपले गाऱ्हाणे घुसवतात. त्यात त्यांची बेशिस्त कमी आणि व्यवहारज्ञान अधिक आहे.

हे सगळे मी भावाला पत्रात लिहिले आणि त्याबरोबर काही सूचना केल्या. नोटीस काढण्यापूर्वी महिनाभर आधी फलकावर निवेदन लावून सभासदांकडून विषय मागवावेत. पाच सभासदांच्या सह्यांनिशी आलेला विषय समितीने नाकारू नये. सभेच्या सुरुवातीलाच वीस मिनिटे कोणत्याही विषयावर बोलण्यासाठी राखून ठेवावीत, प्रत्येकी तीन मिनिटांपेक्षा जास्त नाहीत, आणि त्यांत काही ठराव होणार नाही हे आधीच स्पष्ट करावे. एवढे केल्यावर इतर वेळी विषयाबाहेर जाणाऱ्याला अध्यक्षांनी खुशाल थांबवावे. मात्र थांबवताना त्याचा मुद्दा कुठे घेतला जाईल हे सांगावे आणि ते सांगितलेले वहीत लिहून ठेवावे. माईक बंद करण्याची वेळ त्यानंतर क्वचितच येईल, आणि आलीच तर सभा स्वतः अध्यक्षांच्या बाजूने उभी राहील.

भावाचे उत्तर परखड होते. "ताई, तिकडे बसून लिहिणे सोपे आहे," असे त्याने म्हटले. तिथल्या मॉडरेटरचे गावात कोणाशी वाकडे नसते आणि इथे अध्यक्षांना सभेनंतर त्याच लिफ्टमधून त्याच माणसांबरोबर वर जायचे असते, हे त्याचे म्हणणे मला नाकारता येत नाही. पाच सह्यांची अट ठेवली तर चाळीस विषय येतील, ही भीतीही खोटी नाही. मला इतकेच वाटते, की ते चाळीस विषय आजही सभेत येतच आहेत. फरक एवढाच, की ते सगळे पहिल्या विषयाच्या पोटात शिरून येतात आणि त्यांतल्या एकाचाही निकाल लागत नाही.

समितीने माझ्या सूचनांपैकी एकच मान्य केली आहे. वीस मिनिटांचा प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेला, माईकचा ठरावही तूर्त बाजूला ठेवला, परंतु विषय मागवणारे निवेदन 1 ऑगस्टला फलकावर लागले. त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपला अर्ज आणून दिल्याचे भावाने कळवले. अर्जावर नऊ सह्या आहेत आणि सोबत भिंतीची तीन छायाचित्रे जोडली आहेत.