शीड शोभेचं, जॅकेट अडगळीचं

'पारंपरिक शिडाच्या होडीतून सूर्यास्त' अशी जाहिरात दिसली की मी आधी शीड बघतो. बहुतेक वेळा ते गुंडाळून ठेवलेलं असतं आणि खाली डिझेल इंजिन धडधडत असतं. तेही एकवेळ चालेल. पण लाइफ जॅकेट मागितल्यावर "अहो, गुडघाभर पाणी आहे, आणि फोटोत ते बरं दिसत नाही" असं ऐकवतात, तेव्हा डोकं फिरतं. जॅकेटं नसतात असं नाही. बाकाखाली सुतळीने गठ्ठा बांधलेला असतो, निम्म्यांची बक्कलं तुटलेली. होडी कलल्यावर ती गाठ सोडणार कोण?

नियम आले की अस्सलपणा गेला, ही तक्रार मला पटत नाही. आपल्या दर्यावर्दींइतका नियमाचा पक्का माणूस शोधून सापडायचा नाही. पावसाळा तोंडावर आला की होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. वारा बघून तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नाही म्हणाला की विषय संपला. परंपरा विकायचीच तर हीपण विका ना!

देखाव्यासाठी होडीत केलेले फेरफार तर जिवावरच बेततात. शोभेची डोलकाठी उभारली, वर बसायला मजला चढवला, की वजन वर जातं आणि होडी सहज कलते. मग कुणीतरी "डॉल्फिन!" म्हणून ओरडतं आणि सगळे एकाच बाजूला धावतात. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला उलटलेली, २२ बळी घेणारी बोट मुळात मासेमारीची होती, पर्यटकांसाठी बदललेली.

१८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. धडकेत 'नीलकमल'चा दोष नव्हता. पण ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या बोटीत शंभरावर माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली. आधी का नव्हती, हे विचारून आता काय उपयोग म्हणा.

प्रमाणपत्र केबिनमध्ये टांगलेलं असतं, ते वाचायला कोण जातो? माणसांची मर्यादा होडीच्या बाहेरच्या अंगावर हातभर आकड्यांत रंगवा, जेटीवरून पोरासोरांनाही मोजता येईल. आणि तांडेलाने वाऱ्यामुळे फेरी रद्द केली, तर त्याची त्या दिवसाची मजुरी कापू नका. पर्यटकांचे पैसे मालकाने तिथल्या तिथे परत करावेत. कुरकुर करणाऱ्यांना जेटीवर चहा पाजा हवा तर.